जुगार कौमुदीबाईंच्या नावावर

कौमुदीबाईंनी आयुष्यात पत्त्याचं पान हातात धरलं नव्हतं. सख्खा धाकटा भाऊ बंडू एका दिवाळीत त्यांच्या घरी तीन पत्ती खेळायला बसला, तर त्याला त्यांनी फराळाच्या ताटावरून उठवलं. "जुगाऱ्याले माह्या घरात जागा नाही," असं चार पाहुण्यांदेखत सुनावलं. त्यानंतर बारा वर्षं रायपुरातच तेलीबांध्याला राहणाऱ्या बंडूने बाईंच्या समता कॉलनीत पाऊल टाकलं नाही. बाईंना त्याचं दुःख नव्हतं, उलट अभिमानच होता, आणि तो त्या येता-जाता ऐकवायच्या.

आणि आता जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, त्यांचं आयकराचं रिटर्न भरणारा भार्गव कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवून विचारत होता, "काकू, ऑनलाइन गेममध्ये चार लाख वीस हजार जिंकले तुम्ही?"

"मी? डोकं फिरलं का तुझं?"

"पॅन तुमचं आहे. खातंही तुमचंच."

शेजारच्या खुर्चीत बाईंचा एकुलता एक मुलगा शेखर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. त्याने मान वर केली नाही आणि बाई काय ते समजल्या. वर्षभर पोळ्या लाटता लाटता त्या त्याला फोनवर आलेले आकडे वाचून दाखवत होत्या. "मम्मी, ओटीपी बता दो," म्हणायचा. त्यांना वाटायचं, गॅसचा असेल, विजेच्या बिलाचा असेल. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांची बिलं तपासली, आणि स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार.

"काहून केलं रे?"

"मेरे नाम से खेलता तो ऑफिस में पता चल जाता ना." शेखर नव्या रायपूरला कंत्राटी नोकरीत होता. आईकडे न बघताच तो भार्गवला म्हणाला, "भैया, दूसरे ॲप पे छह लाख हारे हैं. कुल मिलाके घाटा ही है. टॅक्स कटा है, वो तो वापस आएगा?"

"नाही येत. जिंकलं त्यावर तीस टक्के. हरलेलं त्यातून वजा होत नाही. कापला तो गेला, वर थोडा अजून भरावा लागेल."

"सहा लाख कोनाचे?" बाईंनी विचारलं.

शेखरने पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. बाईंच्या निवृत्तीचेच होते ते.

"भार्गव, मी खेळली नाही म्हणून लिही. ज्यानं खेळलं त्याचं नाव टाक."

"रिटर्नमध्ये तसा रकाना नाही, काकू. वेगळी तक्रार करावी लागेल. मग चौकशी होईल, अन् ती याच्या ऑफिसपर्यंत जाईल. ठरवा तुम्ही."

"मम्मी, नौकरी चली जाएगी!" शेखरचा चेहरा आता कुठे उतरला. "एक ओटीपी ही तो बताना है."

चुकलो, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. बाईंना त्या क्षणी पोटच्या पोराची किळस आली. तरीही त्यांनी भार्गवला रिटर्न भरायची मानेनेच खूण केली.

बाईंचा फोन वाजला. रिटर्न पक्कं करायचे सहा आकडे आले. शेखरने सवयीने हात पुढे केला, तो बाईंनी फाडकन झटकला.

"आधी मामाले फोन लाव. स्पीकरवर. सांग त्याले, ह्या घरातला जुगारी कोन हाय ते."

"ओटीपी पंधरा मिनिटंच चालतो," भार्गव पुटपुटला.

शेखरने फोन लावला आणि अडखळत, अर्धं गिळत, सगळं सांगितलं. बंडू हसेल, टोमणा मारेल, याची बाईंनी तयारी ठेवली होती.

"तुया मायले सांग," बंडू म्हणाला, "मी खेळलो तं माह्या पैशानं खेळलो. अन् माह्या नावानं."

फोन कट झाला.

बाईंनी चष्मा लावला आणि सहाही आकडे एकेक करून भार्गवला सांगितले. भार्गवने बटण दाबलं. सरकारदरबारी कौमुदीबाई जुगारी ठरल्या.

"चलो मम्मी, घर चलते हैं," शेखर सुटकेचा निःश्वास टाकत उठला.

"घराची किल्ली ठेव टेबलावर," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "बंडूले हाकललं, तवा त्यानं माहा एक पैसाही घेतला नव्हता."