झाकलेली नावं

विजयमालाबाई फर्मच्या प्रमुख झाल्या आणि महिन्याच्या आत लिफ्टमध्ये पोस्टर लागलं : ‘इथे प्रत्येकाला जागा आहे.’ लिफ्ट सहा जणांची होती आणि सातवा चढला की ती कोकलायची. पण पोस्टरला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यावर चार चेहरे हसत होते. त्यातला एक पूर्णिमाचा. पूर्णिमा वाशीमची, सीए होऊन चार वर्षं झालेली. फोटो काढताना तिला कोणीतरी ‘अजून थोडं हस’ म्हणालं होतं, आणि ती हसली होती.

डेक्कनवरच्या या ऑडिट फर्मला आजवर बाई प्रमुख मिळालेली नव्हती, आणि जुन्या पुण्याच्या पेठांबाहेरचं तर कोणी नाहीच. बाईंनी प्रमुख होताच सांगून टाकलं की आता माणूस कुठून आला हे बघायचं नाही, काम बघायचं. हे त्या मनापासून म्हणत होत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. देखाव्यासाठी म्हणाल्या असत्या तर पुढची पंचाईत झाली नसती.

फर्ममध्ये दर एप्रिलला कामाची वाटणी होई. कोण कोणत्या क्लायंटकडे जाणार, हे इतकी वर्षं आनंद नावाचे ज्येष्ठ पार्टनर ठरवत. त्यांचा निकष साधा होता : कोण कुठे शोभतं. सदाशिव पेठेतला शुभंकर खराडीच्या आयटी कंपनीत शोभायचा. पूर्णिमा वाघोलीच्या गोडाऊनमध्ये. “तिला त्या लोकांशी बोलता येतं,” आनंद म्हणत. वाशीम आणि वाघोली यांच्यात किती अंतर आहे हे कोणाला विचारायचंच नव्हतं. दोन्ही पेठांबाहेर, एवढं त्यांना पुरे होतं. आणि मॅनेजर व्हायचं तर खराडीतूनच, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

मार्चमध्ये पूर्णिमा बाईंच्या केबिनमध्ये आली.

“मॅडम, या वर्षी मला खराडी हवी. नाही मिळाली तर मी सोडीन. धमकी देत नाही, आधी सांगून ठेवते आहे.”

बाईंना तिचा सरळपणा आवडला. “या वर्षी वाटणी न्यायानं होईल,” त्या म्हणाल्या. “माझा शब्द.”

आणि त्यांनी पद्धत शोधून काढली. प्रत्येकाच्या गेल्या तीन वर्षांच्या कामाची माहिती एका कागदावर. नाव, गाव, कॉलेज, बाई की पुरुष, सगळ्यावर पांढरी पट्टी. पार्टनरांनी फक्त काम वाचायचं आणि क्लायंट द्यायचा. आनंदांनी चष्मा पुसला.

“म्हणजे आंधळी कोशिंबीर. खेळू की. लहानपणी बरी खेळायचो मी.”

शनिवारी सकाळी सगळे बसले. प्रामाणिकपणे वाचलं, एकमेकांशी वाद घातला, कोणी पट्टीखाली डोकावलं नाही. खराडीला सॉफ्टवेअर कंपन्यांचं काम केलेलं माणूस हवं, तसं एक निघालं. वाघोलीला स्टॉकची मोजणी तोंडपाठ असलेलं हवं, तेही निघालं. मग पट्ट्या काढल्या. खराडी शुभंकर. वाघोली पूर्णिमा.

“अभिनंदन,” आनंद म्हणाले. “आता आपल्याला पक्षपाती म्हणायची कोणाच्या बापाची छाती नाही.”

बाईंनी सही केली. हातात पेन धरून त्या क्षणभर थांबल्या खऱ्या, पण चूक कुठे आहे ते सापडेना. कोणीच काही वावगं केलं नव्हतं.

सोमवारी पूर्णिमा पुन्हा केबिनमध्ये उभी.

“मॅडम, नावं झाकलीत. गोडाऊन झाकायचं राहिलं.”

“पूर्णिमा, पद्धत सगळ्यांना सारखी होती.”

“हो ना. तीन वर्षं मला तिथे तुम्हीच पाठवलंत, आणि आता म्हणता, हिला अनुभव तिथलाच आहे.” तिचा आवाज चढला नाही. “आणि मला त्या लोकांशी बोलता येतं म्हणे. तिथले मालक दत्तोबा माझं बोलणं ऐकून हसतात, मॅडम. मी एक म्हणते, त्यांना दुसरंच ऐकू येतं. आम्ही हिंदीत बोलतो. शुक्रवारी राजीनामा देईन.”

ती गेल्यावर बाईंनी चहा मागवला आणि प्यायला विसरल्या. मुलगी जाणार याचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त त्यांना भीती वाटत होती. साधी, स्वच्छ भीती.

कारण हे सगळं त्यांचं ओळखीचं होतं. विजयमालाबाई पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. वडील हडपसरच्या बाजारात मेथी विकायचे. याच फर्ममध्ये त्या लागल्या तेव्हा ‘तुला उसातलं कळतं’ म्हणून त्यांना साखर कारखान्यांवर धाडलं, ते वर्षानुवर्षं. मेथीवाल्याच्या मुलीला उसातलं काय कळणार? पण गेल्या. मग एकदा हिंमतराव नावाच्या जुन्या पार्टनरांनी त्यांना उचलून बँकेच्या ऑडिटला बसवलं. पद्धत नाही, नियम नाही, मनात आलं म्हणून. हिंमतराव शेजारच्या गावचे. मागून लोक म्हणाले, आपल्याकडची पोर म्हणून केलं. ते बाईंना इतकं लागलं की त्यांनी जीभ घासूनपुसून घेतली, आणि ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ असं कोणी विचारलं की ‘पुण्याची’ म्हणू लागल्या. आता तर मांजरीही पुण्याच्या हद्दीत आली होती, त्यामुळे खोटंही राहिलं नव्हतं. पूर्णिमासाठी त्यांनी स्वतःचाच नियम मोडला, तर तेच जुनं बोलणं पुन्हा उठणार होतं, आणि या वेळी ते प्रमुखाच्या खुर्चीभोवती घुमणार होतं. नियम पाळला, तर मुलगी जाणार होती आणि पोस्टरवर हसत राहणार होती.

गुरुवारी पार्टनरांचा चहा असतो. बाईंनी बिस्किटांची बशी फिरायच्या आतच सांगितलं, “खराडीला पूर्णिमा जाईल. वाघोलीला शुभंकर.”

आनंदांनी कप खाली ठेवला. “पद्धत आपलीच होती ना? आठवडा तरी टिकवायची होती.”

“पद्धत चुकली. माझी चुकली.”

“चुकू दे. पण शुभंकरनं काय पाप केलं? आणि लोक काय म्हणतील माहीत आहे?”

“काय म्हणतील?”

“की बाईंना गावाकडच्यांचा कळवळा आलाय.”

आनंद फर्ममध्ये आले ते हिंमतरावांच्या नंतर; त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते नेहमीसारखं टोचून बोलले होते, इतकंच. बाईंना हसून विषय बदलता आला असता. तीस वर्षं त्या तेच करत होत्या.

“बरोबर म्हणतील,” बाई म्हणाल्या. “मी मांजरीची. वडील मेथी विकायचे. या फर्मनं मला साखर कारखान्यांवर ठेवलं होतं. हिंमतरावांनी उचलून बँकेत बसवलं नसतं, तर अजून तिथेच असते. चांगल्या अनुभवासकट.”

कोणी बिस्कीट उचललं नाही. आनंद बराच वेळ चहा ढवळत राहिले. ते बिनसाखरेचा पितात.

“हे कधी बोलला नाहीत,” शेवटी ते म्हणाले.

“नाही बोलले.”

“शुभंकरला त्या लोकांशी बोलता यायचं नाही हो.”

“पूर्णिमालाही येत नव्हतं. आपण विचारलं नाही.”

शुक्रवारी पूर्णिमानं राजीनामा दिला नाही. आभारही मानले नाहीत. जाता जाता एवढंच विचारलं, “लिफ्टमधला माझा फोटो काढता येईल का?” सोमवारी पोस्टर निघालं.

वाघोलीला शुभंकर पहिल्यांदा गेला तेव्हा विजयमालाबाई सोबत गेल्या. फर्मचे प्रमुख पोती मोजायला जात नसतात; त्या गेल्या. खताच्या वासानं शुभंकरनं नाकाला रुमाल लावला. दत्तोबांनी जमीन विकून ही गोडाऊनं बांधली होती आणि धोतर मात्र तेच ठेवलं होतं. त्यांनी दोघांना निरखून पाहिलं.

“ती पोरगी न्हाय आली व्हय यंदा? गुनाची हाय. बोलती काय, त्ये मातूर कळत न्हाय.”

शुभंकरनं मॅडमकडे पाहिलं.

“न्हाय आली,” बाई म्हणाल्या. “ती आता खराडीला हाय.”

शुभंकरच्या नाकावरचा रुमाल खाली आला. दत्तोबांनी मान तिरपी केली.

“तुमी कुन्या गावच्या म्हनायच्या?”

‘पुण्याची’ हा शब्द सवयीनं ओठांपर्यंत आला होता.

“मांजरीची.”

“मांजरीत कुनाची?”

हा पुढचा प्रश्न येणारच होता. मांजरी म्हटलं की तो येतोच, आणि तो टाळायलाच तर त्या इतकी वर्षं पुण्याच्या झाल्या होत्या. वडिलांचं नाव त्यांनी कामाच्या ठिकाणी कधी उच्चारलं नव्हतं.

“शंभू मेथीवाल्याची,” विजयमालाबाई म्हणाल्या, शुभंकरला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.