आबांची हाक

टण्! चमचा पेल्यावर आपटला आणि दुपारची शांतता मोडली.

मी भिजवलेली कणीक तशीच टाकून धावले. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पाणी हवं होतं, की कूस बदलायची होती, की पंखा नको होता? चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. तेव्हापासून सगळा कारभार अंदाजावर. मी पाणी दिलं, त्यांनी तोंड फिरवलं. पंखा बंद केला, त्यांनी डोळेच मिटले.

दर गुरुवारी घोडेगावहून स्कूटीवर प्राची यायची. गाण्यातून बोलणं परत आणायचं, हे तिचं काम. "आबा, बोलण्याची वाट बुजलीय, पण सुरांची उघडी आहे. तिकडून शब्द आणू," असं म्हणायची. रोजच्या सवयीचं एक वाक्य घ्यायचं, ते दोन सुरांत गायचं आणि आबांच्या चांगल्या, डाव्या हातानं मांडीवर ठेका धरायचा. वाक्य ठरलं होतं, 'ठकूबाई, पाणी द्या.' ठकूबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

सहा गुरुवार गेले. आबांच्या तोंडून शब्द फुटेना. सहाव्या खेपेला तर त्यांनी हातच काढून घेतला. निघताना प्राची ओट्यावर हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या वेळीही असंच झालं तर थांबू या. त्यांचं मनच उडालं तर काय उपयोग?"

सासूबाईंनी ते ऐकलं. ती गेल्यावर म्हणाल्या, "तेजू, मी खोटं बोलले गं."

"कशाबद्दल?"

"त्या पोरीनं इचारलं व्हतं, आबा तुमाला काय म्हणून हाक मारायचे. मी सांगितलं, ठकूबाई." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पस्तीस वर्षांत कधी माझं नाव घेतलंय व्हय त्यांनी? पण शिकलेली पोर ती. तिच्याम्होरं खरं कसं सांगायचं?"

खरं मलाही माहीत होतं. आख्ख्या शिनोली गावाला माहीत होतं. रोज संध्याकाळी रानातून येताना आबा बांधावरूनच ओरडायचे, "आगं एऽऽ, च्या टाऽक!" मग मी का गप्प बसले? परक्या माणसासमोर सासूला खोटं कसं पाडायचं, म्हणून. आम्हा दोघींच्या मर्यादेपायी आबा सहा आठवडे भलत्याच बाईकडे पाणी मागत बसले होते.

पुढच्या गुरुवारी प्राचीला सगळं सांगून टाकलं. ती पोट धरून हसली. "मग आजी, आज तुम्हीच गा."

"मी? त्यान्लाच आगं म्हनू?"

"त्यांचा सूर तुमच्याइतका कुणाच्या कानात बसलाय?"

सासूबाईंनी दाराबाहेर डोकावून पाहिलं, शेजारची साळुबाई नाही ना. मग आबांचा डावा हात धरला, मांडीवर ठेका दिला आणि हुबेहूब आबांसारखी आरोळी ठोकली, "आगं एऽऽ, च्या टाऽक!"

आबांनी मान वळवली. दुसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलले. तिसऱ्या वेळी हात आपणहून ठेक्यावर पडू लागला. प्राचीनं खूण केली, तशा सासूबाई "आगं एऽऽ" म्हणून थांबल्या.

"च्या... टाऽक," आबा म्हणाले. घोगरं, अडखळत, पण अगदी सुरात.

सासूबाई तडक आत पळाल्या. नाक ओढण्याचा आवाज स्टोव्हच्या आवाजात बुडाला. चहा आला. आबांनी एक घोट घेतला. डॉक्टरांनी साखर बंद केलेली. त्यांनी तोंड वाकडं केलं, मांडीवर थाप मारली आणि त्याच चालीत म्हणाले, "आगं एऽऽ... गो... गोड टाऽक!"

"बघा! वाचा फुटली न्हाय तोच खोडी सुरू!" सासूबाई डोळे पुसत, हसत ओरडल्या.

"आजी, हा शब्द मी शिकवला नव्हता हं," प्राची म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

सहा वर्षांची माझी हर्षाली उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होती. संध्याकाळी मी मेथी निवडत असताना ती जवळ येऊन टेकली.

"आई, आबा रोज म्हणायचे ते म्हटलं, म्हणून त्यांना बोलता आलं ना?"

"हो गं."

"मग तुझं बोलणं गेलं तर मी काय म्हणू?"

मी मेथीची जुडी बाजूला सारून तिला जवळ ओढलं.

"सांग ना, आई. तुझं कुठलं?"