एका वेळी एकच ठिपका

मित्रांनो, याला मोतीबिंदू झाला आहे, असे एकदा सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले होते. तो हा मी, एक जुना सूक्ष्मदर्शक. आता कपाटात असतो, कापडी टोपडे घालून.

माझी भिंगे एका अबोल कारागिराने घासली. तो भिंग उजेडासमोर धरी, मान हलवी आणि पुन्हा घासायला बसे. प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझा केवढा थाट! मला हात लावण्याआधी मंडळी हात धूत. पुढे वर्षे सरली. नीट दिसावे म्हणून भिंगाला लावलेले तेल काम झाल्यावर पुसायचे राहू लागले. शेजारी चहाचे कप दिसू लागले.

अशा पडत्या दिवसांत ताई आली. ती संशोधन करायला आलेली मुलगी, पण सगळे तिला ताईच म्हणत. दिव्याखाली काचेच्या चंबूत ती हिरवे जिवाणू वाढवी. हे जिवाणू झाडांसारखे उजेडावर जगतात. जिवाणूने कसे जगावे, कसे वाढावे, याची सगळी माहिती गुणसूत्रात असते. पुष्कळ जिवाणूंचे एका गुणसूत्रावर भागते. या हिरव्या मंडळींकडे मात्र त्याच गुणसूत्राच्या चार-सहा प्रती. जिवाणू म्हणजे एकच पेशी; ती वाढून दुभंगायची, तर या प्रतींच्याही नकला व्हायला हव्यात. त्या कधी होतात, सगळ्यांच्या एकदम होतात का, हे ताईला शोधायचे होते. तिने अशी युक्ती केली होती की माझ्यातून पाहताना प्रती मंद निळ्या दिसत आणि जिथे नक्कल चालू असेल तिथे पिवळा ठिपका चमके.

सगळ्या प्रती एकदमच कामाला लागत असतील, असे सगळे धरून चालले होते. ताई फोटो काढत गेली. निळ्या प्रती पाच-सहा आणि पिवळा ठिपका एकच! क्वचित दोन. कुठे तर एकही नाही.

"बाकीचे ठिपके गेले कुठे?" तिच्या मार्गदर्शक मॅडमनी विचारले.

शेजारच्या टेबलावरचा उंच मित्र म्हणाला, "म्हातारबांना मोतीबिंदू झालाय. चष्मा करून द्या आता."

सगळे हसले. ताईही हसली. ते मात्र मला लागले.

मॅडमनी मला भंगारात काढायचे ठरवले. नवे यंत्र येईपर्यंत ताईने थांबावे, असेही सांगितले. पण ताईच्या संशोधनाची मुदत त्याआधीच संपत होती. थांबणे म्हणजे हातातले काम सोडून घरी जाणे.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर बसली. आधी तिने मऊ कागदाने भिंगावर सुकलेले तेल पुसले. किती दिवसांनी! मग माझी नजर तपासायला बारीक पिवळे चमकणारे मणी असलेली काचपट्टी ठेवली. मी तिला अगदी अंधूक मणीसुद्धा दाखवले.

"मग तुला दिसतंय की नीट," ती हळूच म्हणाली.

मग तिने तिथे कुणीच केले नव्हते ते केले. फोटो काढून ती उठली नाही. एक पेशी निवडली, जिवाणूला त्रास नको म्हणून उजेड कमी केला आणि पाहत राहिली. जेवणाचा डबा तसाच पडून राहिला. पिवळा ठिपका बराच वेळ चमकला आणि विझला. पेशीत नुसत्या निळ्या प्रती उरल्या. ताईने वहीत वेळ टिपली. आणि मग त्याच पेशीत, पलीकडच्या टोकाला, दुसरा ठिपका उजळला.

ठिपके हरवले नव्हते. प्रती पाळीपाळीने कामाला लागत होत्या. पेशी जसजशी लांबत जाई, तसतशी प्रतींची संख्याही वाढे.

ताईने मॅडमना बोलावले. त्या खूप वेळ वाकून पाहत राहिल्या.

"एकेकच?"

"एकेकच, मॅडम. आम्ही पाच भावंडं आणि मोरी एक. आई एकालाच आत ढकलायची, बाकीचे घरातली कामं करायचे. सगळे एकदम आत घुसलो असतो तर शाळेत कुणीच पोचलं नसतं."

मॅडम हसल्या. माझ्यावरची नजर न काढताच त्या उंच मित्राला म्हणाल्या, "याचं तेल रोज पुसायचं. तू."

ताईचे काम पुरे झाले. नवे यंत्र यथावकाश आलेच, आणि मी कपाटात आलो. तिच्या त्या दुपारची मला अजून आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी असेल तर काम झाल्यावर त्याचे भिंग पुसा. आणि एकदा डोकावून, काही दिसत नाही म्हणून लगेच उठू नका. थोडे बसा. इथे कपाटात अंधार आहे, पण मी खचलो नाही. त्या पेशीतल्या न चमकणाऱ्या प्रती मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या निकामी नव्हत्या. आपल्या पाळीची वाट पाहत होत्या.