फट नसलेलं झाकण

काचवाल्याने बसवलेल्या खिडकीतून वाराही त्याला विचारूनच आत येतो, असं गल्लीत म्हणत. तीस वर्षं त्याने फटी बुजवण्याचंच काम केलं होतं. त्याच्या लेकीने मात्र सॅलॅमँडर पाळले होते. दिसायला पालीसारखे, जातीने बेडकांचे भाऊबंद, अंगाने कायम ओले. त्याची बायको पाल दिसली की खुर्चीवर चढायची आणि तिच्याच घरात हे दोघे सुखाने नांदत होते, ढोल्या आणि लाजरी.

लेक एकोणिसाव्या वर्षी आजारपणात गेली. जाण्याआधी तिने बापाचा हात धरून एवढंच मागितलं होतं की या दोघांना सांभाळ. त्याने शब्द दिला. द्यायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्यांची पेटी जुनी, प्लास्टिकची, झाकणाच्या जागी नुसती जाळी. त्याला ते बघवेना. लेकीच्या जिवांनी असं उघड्यावर राहायचं? त्याने दुकानातली सगळ्यात चांगली काच काढली, कडा घासल्या, सांधे भरले, आठ दिवस वाळू दिले. तळाशी ओली माती, वर शेवाळ, लपायला झाडाची साल. काचेचं झाकण असं बसवलं की मुंगीलाही शिरायला जागा नाही. आत एक पिवळा दिवाही लावला, कारण शेवटी शेवटी लेकीचे पाय गार पडायचे.

लेकीने सगळं वहीत लिहून ठेवलंय, एकदा बघा तरी, असं बायको दोनदा म्हणाली. काचकाम मला शिकवू नकोस, म्हणून त्याने तिला उडवून लावलं. खरं तर लेकीचं अक्षर बघायची त्याची छाती होत नव्हती. वही ज्यात होती ती इस्पितळातून आलेली पिशवी तशीच बांधलेली होती.

दोघांना नव्या पेटीत सोडल्यावर चौथ्या दिवशी दुपारी पेटी आतून वाफेने धुरकटली होती. ढोल्या पोट वर करून पडला होता. लाजरी काचेला नाक लावून तोंड उघडत होती. करायला गेला एक आणि झालं भलतंच. घट्ट बसलेलं झाकण ओढताना त्याचं बोट कापलं. लाजरीला त्याने ओल्या शेवाळासकट जुन्या पेटीत ठेवलं. बायकोने पिशवी सोडून वही काढली आणि ती उभ्याउभ्याच वाचायला लागली.

"गार जागा हवी. दिवा नको, ऊन नको. हवा खेळती हवी, म्हणून झाकणाला जाळीच. बाबाला आवडणार नाही, तो फट ठेवणार नाही. त्याला समजावून सांगायचं."

तो खालीच बसला. इस्पितळात नेण्याआधीच्या महिन्यात त्याने घरी तिच्या पलंगाजवळच्या खिडकीच्या सगळ्या फटी भरल्या होत्या. "बाबा, जरा फट ठेव ना, कोंडल्यासारखं होतं," ती रोज म्हणायची. वारा बाधेल, असं म्हणून तो तिचं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढायचा. किती मायेने ओढायचा.

जुनी पेटी घेऊन तो लेकीच्या खोलीत गेला. पटाशी घेऊन त्याने खिडकीत भरलेलं सगळं खरवडून काढलं. हात चालत होते आणि तो लहान मुलासारखा रडत होता. खिडकी उघडली तसा गार वारा थेट रिकाम्या पलंगावर आला. लाजरीने तोंड मिटलं होतं आणि ती हळूहळू शेवाळाखाली सरकत होती.

बायकोने आणलेली शाल त्याने घेतली नाही.

"तिने एवढंच मागितलं होतं गं," तो म्हणाला, "आणि मी दिलं नाही."