न फोडायची हिरवी पिशवी

संगणकवाल्यांच्या या संमेलनाला कार्यक्रमपत्रिका नसते आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान असतो. सकाळी भिंतीवर एक रिकामा तक्ता लावतात. ज्याला जे बोलायचं असेल ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं आणि एखाद्या खोलीच्या चौकोनात चिकटवायचं. वक्ते नाहीत, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. धड म्हणावा असा नियम एकच. जिथे मन रमत नाही तिथून आपले दोन पाय उचलायचे आणि दुसऱ्या खोलीत जायचं. जाणाऱ्याने शरमायचं नाही, राहणाऱ्याने वाईट वाटून घ्यायचं नाही. हा नियम ज्याने काढला, त्याच्या खोलीतून बहुधा कधी कोणी उठून गेलं नसावं.

पेइ-शान पहाटेच्या बसने डोंगरातल्या पुली गावाहून तैवानच्या राजधानीत, तायपेईला आली होती. अंथरुणाला खिळलेल्या आईला तिने दिवसभरासाठी शेजारणीच्या गळ्यात घातलं होतं. पिशवीत लॅपटॉप होता आणि नारळी कुरकुऱ्यांची एक कोरी हिरवी पिशवी. यंत्राने, म्हणजे संगणकाने, शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानात त्याच्या डोक्यावर ठेवतात ती. पिशवीवर छापलेली मुदत संपायच्या आत बदलायची आणि फोडायची कधीच नाही. फोडली की यंत्र रुसलंच म्हणून समजा. शिकलीसवरली इंजिनियर असून पेइ-शान हे मनापासून पाळत असे. आजची पिशवी मात्र यंत्रासाठी नव्हती. 'डोंगररस्ता' जो कोणी हाती घेईल, त्याच्या हातात ती द्यायची होती.

डोंगररस्ता हे इंटरनेटवरचं एक साधं पान. पावसात कुठलं वळण खचलं, कुठला रस्ता चालू आहे, एवढंच त्यावर दिसायचं. डोंगरातले ड्रायव्हर फोटो पाठवायचे, पेइ-शान ते ताडून पाहायची आणि नकाशावर लाल-हिरवं करायची. वरच्या वस्त्यांतले मूत्रपिंडाचे रोगी डायलिसिससाठी खालच्या इस्पितळात आणणारा म्हातारा बियुंग गाडी सुरू करण्याआधी हे पान बघायचा. सरकारही कळवतं, नाही असं नाही. पण तोवर बियुंगची गाडी अर्ध्या घाटात पोचलेली असते.

पान जन्मलं ते याच संमेलनात. पो-येन नावाच्या एका मुलाने डोंगरातल्या रस्त्यांवर चिठ्ठी लावली होती आणि त्याच्या खोलीत एकटी पेइ-शान आली. 'जे आले तेच योग्य' असा फलक तेव्हाही भिंतीवर होता. दोघांनी जेवणाचे डबे पुढ्यात ठेवून पहिला नकाशा काढला, आणि यंत्रावर पहिली हिरवी पिशवी ठेवली ती पो-येनने. पुढे त्याचं लग्न झालं, मोठ्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याने या पानावरून आपले दोन पाय उचलले. भांडण झालं असतं तर बरं, निदान समेट तरी करता आला असता.

गेल्या वादळात ती आईची चादर बदलत होती, तेवढ्या वेळात एक वळण खचून खाली गेलं. आलेला फोटो तिने पाहिलाच नाही, आणि पान अंधार पडेपर्यंत रस्ता हिरवा दाखवत राहिलं. मागे चार रोगी बसलेले, समोर रस्ताच नाही, अशी गाडी बियुंगने अंधारात उलटी काढली. तो रागावला नाही. पोरी, तुझ्या हाताखाली कोणीतरी बघ, एवढंच म्हणाला. त्याच्या त्या शांतपणाने ती जास्त घाबरली. संमेलनाहून येताना माणूस ठरवूनच येते, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं.

तक्त्याजवळ माइक घेऊन उभा होता तो पो-येनच. आता तोच हे सगळं चालवतो. पेइ-शानने चिठ्ठी लावली: 'डोंगररस्ता: माझ्यानंतर कोण?' त्याने ती वाचली, तिच्याकडे बघून हसला आणि उचलून दुसऱ्या एका चिठ्ठीच्या शेजारी चिकटवली. सारखे विषय एकत्र करायची इथली रीतच आहे. त्या दुसऱ्या चिठ्ठीवर होतं, 'प्रकल्प हसतमुखाने कसे बंद करावेत'. पेइ-शानला दिसलं ते एवढंच, की आपल्याला मोठी खोली मिळाली. वेडी, खूश झाली.

खोली खच्चून भरली. एकेक जण उठून आपापल्या मेलेल्या प्रकल्पाची गोष्ट सांगे, लोक टाळ्या वाजवत, कोणीतरी, मयताला वाहतात तसं, कागदाचं शेवंतीचं फूल पुढे ठेवी. मग पो-येनने डोंगररस्त्याची गोष्ट सांगितली. फार छान सांगितली. पण ती सगळी भूतकाळात होती.

ती उभी राहिली. "माझं पान मेलेलं नाही," ती म्हणाली. "मला एक माणूस हवाय. पाऊस नसतो तेव्हा काही काम नसतं. पाऊस असतो तेव्हा झोप नसते. कोणी येईल का?"

दाराजवळची एक बाई किंचित वाकली, गोड हसली आणि बाहेर गेली. तिच्यामागे दोन मुलं गेली, मग आणखी काही. सगळे नियमाने गेले, पाय न वाजवता. कोणाला बोल लावावा अशी सोयच नव्हती.

पो-येन तिच्याजवळ येऊन बसला. "थकलीयस गं तू. बंद करणं म्हणजे हरणं नाही. सरकारचं पान आहे की."

"ते उशिरा कळवतं. हे मला कोणी शिकवलं, आठवतंय?"

"मीच," तो म्हणाला. "तेव्हा माझ्याकडे वेळ होता."

खरं बोलला. त्याच्यावर धड चिडताही येईना.

राहिलेली माणसं मायाळू होती. ज्यासाठी आली होती ते त्यांनी मन लावून केलं. पानावर लावायचा निरोपाचा मजकूर सगळ्यांनी मिळून लिहिला. त्यात एक शब्द खटकेल असा नव्हता. पान बंद करायला कोणाची हरकत आहे का, असं पो-येनने विचारलं. पेइ-शानला हरकत घ्यायची होती. पण तिच्या डोळ्यांसमोर ते अंधारातलं वळण आलं. एका पेंगुळलेल्या बाईच्या जिवावर चालणारं पान नसलेल्या पानापेक्षा वाईट. हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पान बंद करायचं बटण तिने स्वतःच दाबलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ताई, आता ही फोडायची ना?" लॅपटॉपशेजारची हिरवी पिशवी दाखवत एका मुलीने विचारलं. "म्हणूनच आणलीत ना?"

पो-येनने पिशवी उचलली, क्षणभर हातात धरली आणि फोडली. ती हातोहात फिरली. तिच्यापर्यंत आली तेव्हा तिनेही एक कुरकुरा तोंडात टाकला. इतकी वर्षं पिशव्या बदलल्या, जुन्या न फोडता टाकून दिल्या. चव आज कळली. गोड होती.

संध्याकाळी फलक उतरवून गुंडाळायला सुरुवात झाली तेव्हा तिचा फोन वाजला. बियुंगने फोटो पाठवला होता. गाडीत, त्याच्या शेजारच्या सीटवर, एक नवी हिरवी पिशवी.

"पोरी, माणूस मिळाला का? त्याच्यासाठी दुकानातून घेऊन ठेवलीय, मुदत बघून घेतली. उद्या पाऊस सांगितलाय. कुठल्या रस्त्याने उतरू?"

सवयीने तिने डोंगररस्ता उघडलं. सगळ्यांचे आभार मानणारा तो सुबक मजकूर समोर आला. त्याखाली नकाशा नव्हता. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते.

"माणूस नाही मिळाला, काका," तिने लिहिलं. "पान बंद केलं. उद्याचा रस्ता मला माहीत नाही."

उत्तर लगेच आलं.

"बरं. मग मी कोणाला विचारू?"