मगनच्या हाताची वाट

मित्रांनो, धुळ्याच्या देवपुरातल्या एका खोलीत, दाराआड उभी असलेली मी एक जुनी गोल्फची काठी आहे. माझा दांडा काळवंडला आहे, मुठीवरचं कातडं सुटत चाललं आहे. पण एके काळी देशातल्या मोठमोठ्या मैदानांवर लोक मला पाहायला गर्दी करत.

माझा जन्म सातासमुद्रापार झाला. एका गोऱ्या साहेबाबरोबर मी धुळ्याला आले. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी निघाला, तेव्हा मैदानाचं गवत कापणाऱ्या पितांबरच्या हाती त्यानं मला सोपवलं. साहेबाला जोडीदार नसला की पितांबरच त्याच्याशी खेळे, आणि बहुधा जिंके!

मग पांझरा नदीचं कोरडं पात्र हेच आमचं मैदान झालं. पितांबरचा थोरला भाऊ मगन लांब वाळूत उभा राही. "मी हात वर करसू, तवयच मार!" असं तो ओरडून सांगे. वाट मोकळी दिसली की त्याचा हात वर जाई, आणि मी चेंडूवर कोसळे.

एका श्रावणात आमच्याकडे लख्ख ऊन होतं, पण वर साक्रीकडे ढगफुटी झाली होती. मगन चेंडू उचलायला वाकला आणि वळणावरून लालभडक पाण्याचा लोंढा आला. पितांबर मला टाकून धावला. त्याला पाण्यावर फक्त एक हात दिसला. तो वरच होता. मग तोही दिसेना. मगनचा देह कधीच सापडला नाही.

पितांबरनं धुळं सोडलं. मुंबईच्या एका क्लबात तो खेळ शिकवू लागला, मग स्पर्धांत उतरला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता... त्याच्यापुढे कोणी टिकेना. पण प्रत्येक फटक्याआधी तो मला उचलून थांबे आणि दूर कुठेतरी पाहत राही. त्याच्या तळहाताला फुटलेला घाम मला जाणवे. कलकत्त्याच्या अंतिम सामन्यात तर तो इतका थांबला, की पंचांनाच बोलावं लागलं, "पितांबर, खेळा आता!" त्यानं हलकेच मान डोलावली. पंचांना नव्हे. मग फटका मारला आणि जिंकला.

वर्तमानपत्रांनी त्याच्या संयमाची तारीफ केली. तरुण खेळाडू तसंच थांबायला शिकले. कोण दिसतं म्हणून तो थांबतो, हे मात्र कोणी विचारलं नाही.

साठ साली तो धुळ्याला घरी आला. दुपारी त्याची आई बेबाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. न वळताच तिनं विचारलं, "पितांबर, मारानं आगोदर तू काय देखस रे?"

त्यानं मला दाराआड उभं केलं. मग म्हणाला, "मगनभाऊले देखस, माय. तो हात वर करस, मंगच मी मारस."

बेबाबाई उठली. तिनं तीन ताटं मांडली, तिन्ही वाढली. "मी बी त्यानं ताट रोज वाढस," ती म्हणाली. "तू नाराज व्हशी म्हनीसन तुले सांगं नही."

मायलेक किती तरी वेळ मगनबद्दल बोलत राहिले. रडले, मधूनच हसलेही. शेवटी बेबाबाईनं मगनचं ताट पितांबरपुढे सरकवलं. तो जेवला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला थोडं तेल लावलं, पुसलं, की पुरतं. पण मागे राहिलेल्या माणसाला 'तू काय पाहतोस' असं विचारावं लागतं.