हरकतीची मुदत सात दिवस

नगरपालिकेच्या मतदार नोंदणी कक्षात दोन नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळं शहर खिडकीताई म्हणे. स्थानिक निवडणूक जवळ आली की तिच्यासमोर रांग लागे. नाव कसं घालायचं, आपला प्रभाग कोणता, मतदान केंद्र कुठलं, सासरी गेलेल्या मुलीचं नाव माहेरी ठेवलं तर चालतं का? ताईची उत्तरं ठरलेली आणि सूरही ठरलेला. लोकांना वाटे, बाई शिष्ट आहे. शिष्ट कसली, ती आतून बधीर झाली होती, एवढंच. बधीर माणूस माहिती फार नीट देतो.

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी तिचा धाकटा भाऊ कामावर जातो म्हणून गेला, तो गेलाच. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांत नोंद झाली, नातेवाइकांनी काही दिवस हळहळ केली आणि मग सगळे आपापल्या कामाला लागले. पण यादीची पडताळणी करणारे मास्तर दारात आले की आई सांगे, "कामासाठी बाहेरगावी असतो. येईल." घरातल्या कुणी तसं सही करून दिलं की नाव कायम राहतं. ताई सही करी. रांगेतल्या लोकांना खोट्या माहितीबद्दल झापणारी ही बाई, तिने स्वतः तीनदा डोळे मिटून सही ठोकली होती.

"नाव काढलं की तो गेलाच म्हणायचा," आई म्हणे. ताई पेनाचं टोपण काढी.

त्या सोमवारी बाहेरगावच्या कार्यालयांकडून स्थलांतराच्या अर्जांचा गठ्ठा आला. एखाद्याने नव्या गावी नाव नोंदवलं की अर्जाची प्रत जुन्या गावी येते. जुन्या पत्त्यावर नोटीस जाते. सात दिवसांत कुणाची हरकत नसेल, तर इथलं नाव कमी होतं आणि तिथलं पक्कं होतं. हरकत आली, तर अर्जदाराला जुन्या गावी सुनावणीला जातीने हजर राहावं लागतं.

सतरावा अर्ज धाकट्याचा होता.

फोटोतले केस विरळ झाले होते. सही तीच, खाली लांबलचक रेघ ओढलेली. बायकोचं नाव होतं. 'जुन्या पत्त्यावर राहणारे कुटुंबीय' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'कोणी नाही.'

ताईने अर्ज बाजूला ठेवला आणि खिडकीपुढच्या माणसाला त्याचं मतदान केंद्र सांगितलं. तिला काहीच वाटलं नाही. दुपारी डबा संपला, पण आपण काय खाल्लं ते तिला आठवेना.

नोटिसा वाटायचं काम शिपायाचं. ही एक तिने स्वतःकडे घेतली. सोबत हरकतीचा अर्जही भरला, अगदी सुवाच्य अक्षरात. फक्त आईची सही बाकी होती. येऊ दे त्याला. उभा राहू दे दोन नंबरच्या खिडकीपुढे. मग विचारते, कोणी नाही म्हणजे नक्की कोण नाही रे?

घरी आई इस्त्री करत होती. ताईने धाकट्याचा अर्ज तिच्यापुढे धरला, खालच्या रकान्यावर अंगठा ठेवून.

आई बराच वेळ फोटो बघत राहिली. "चष्मा लागलाय," ती म्हणाली. "ह्यांनाही याच वयात लागला होता." मग म्हणाली, "लग्न केलंय."

"हो."

"अंगठा काढ. खाली काय लिहिलंय?"

ताईने अंगठा काढला. आईने ओठ हलवत वाचलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"हरकत घेतली तर?"

"त्याला यावं लागेल. माझ्यासमोर."

"आणि नाही आला तर?"

"तिथला अर्ज बाद. इथेही तो राहत नाही, हे आता कागदावर आलंय. इथलंही नाव जाईल."

"म्हणजे कुठेच नाही."

"कुठेच नाही."

आईने हरकतीचा अर्ज उचलला. "तू भरूनच आणलायस."

"लाज वाटायला नको का त्याला? आपण काय मेलोय?"

"लाज वाटली म्हणूनच लिहिलं असेल. नाहीतर आपली नावं नसती का लिहिली?" आईने हरकतीच्या अर्जाची घडी घालून तो ताईच्या हातात परत दिला. नोटिशीवर 'हरकत नाही'च्या चौकटीत तिने सावकाश सही केली. "राहू दे त्याचं नाव कुठेतरी."

ताई नोटीस उचलायला वाकली, तशी आई म्हणाली, "त्याचा पत्ता असेल ना मागच्या पानावर?"

"आहे."

"मला दाखवू नकोस. दिसला तर मी जाईन. आणि त्याने दार नाही उघडलं तर?"

ताईने अर्ज पर्समध्ये ठेवला.

'हरकत नाही' म्हटल्यावर सात दिवस थांबायची गरज नव्हती. ताई तरी थांबली. त्या सात दिवसांत तिने शेदोनशे लोकांना त्यांचे प्रभाग सांगितले, एकही चुकला नाही. आठव्या दिवशी तिने यादी काढली आणि नावापुढे कारण लिहिलं, 'स्थलांतरित'. मग शिक्का मारला. त्यांच्या घरची मतदार संख्या तीनवरून दोन झाली.

"झालं?" संध्याकाळी आईने विचारलं.

"झालं."

आई तेव्हा रडली, सहा वर्षांत पहिल्यांदाच. ताई शेजारी बसून राहिली. तिला रडू आलं नाही. घर नंबर, गल्ली, पिनकोड, सगळं तिला सोमवारपासून पाठ होतं, आणि आईने दुसऱ्यांदा विचारलं नाही.